चौथ्या पवनचक्कीच्या जरा डावीकडे

लिव्हरपूलहून सुटणारी लोकल जिथे रूळ संपले म्हणून थांबते, त्या वेस्ट कर्बी गावातली काही निवृत्त मंडळी भिंतीवर कॅलेंडर लावत नाहीत, भरती-ओहोटीचं कोष्टक लावतात. दाताच्या डॉक्टरांची वेळ, नातवाचा वाढदिवस, बायकोबरोबरची खरेदी, सगळं त्या कोष्टकाला विचारून ठरतं. ‘गुरुवारी जमणार नाही, गुरुवारी नऊ मीटर आहे,’ असं आमच्या मुलाचे शेजारी कुंपणापलीकडून फोनवर कोणाला तरी सांगत होते, तेव्हा मला वाटलं यांनी पडदे शिवायला टाकले असावेत.

नऊ मीटर ही समुद्राची उंची होती. आपल्या मुंबईत पावणेपाच मीटरची भरती येणार म्हटलं की वर्तमानपत्रात चौकट छापून येते, महापालिका इशारा देते आणि तो इशारा वाचून मरीन ड्राइव्हवर भिजायला गर्दी होते. लिव्हरपूलच्या उपसागरात मोठ्या उधाणाला पाणी नऊ मीटरच्याही वर चढतं आणि भिजायला कोणी जात नाही. त्याऐवजी काही माणसं भरतीच्या कितीतरी आधी गमबूट घालून, पाठीवर टेलिस्कोप बांधून समुद्रात चालत जातात.

सूनबाईंचे दिवस भरत आले होते, म्हणून आम्ही उभयतां ऐन डिसेंबरात तिथे पोचलो होतो. हिला घरात काम होतं. डिंकाचे लाडू होते, अळीव होते, बाळाची दुपटी होती. मला काम नव्हतं, आणि काम नसलेला पुरुष घरात किती जागा व्यापतो याचा अंदाज हिला मी निवृत्त झालो तेव्हाच, डोंबिवलीत आला होता. शेजारच्या आजोबांनी मला निव्वळ सौजन्य म्हणून विचारलं, “हिल्ब्रे बेटावर येणार का? पक्षी बघायला?” माझ्या वतीने होकार हिने दिला. एरवी दुकानात मला पुढे करणाऱ्या या बाईचं इंग्रजी त्या एका वाक्यापुरतं अतिशय अस्खलित निघालं.

हिल्ब्रे हे बेट डी नदीच्या मुखाशी आहे, अलीकडे इंग्लंड आणि पलीकडे वेल्सचे डोंगर. बेट म्हणजे तांबड्या वालुकाश्माचा साधारण अकरा एकरांचा तुकडा. आपल्याकडे एवढ्या जमिनीवर तीन भावांचे दावे चालतात. इथे पक्ष्यांसाठी ती राखीव आहे. दुकान नाही, नळ नाही, वीज मंडळाची वीज नाही. ओहोटीला किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटर वाळूतून चाललं की बेट येतं, पण सरळ चालायचं नाही. समोर दिसतंय म्हणून नाकासमोर गेलेला माणूस चिखलात उभा राहून हाका मारतो. आधी लिटल आय नावाच्या खडकापर्यंत जायचं, तिथून उजवीकडे वळून मिडल आय, आणि मग हिल्ब्रे. भरतीच्या किमान तीन तास आधी बेटावर पोचायचं आणि भरतीनंतर तीन तास उलटेपर्यंत बेट सोडायचं नाही.

या नियमामागचं कारण शेजारच्या आजोबांनी चालता चालता समजावलं. इथली भरती लाटांची वर्दी देत समोरून येत नाही. वाळू सपाट, त्यामुळे आधी बेट आणि किनारा यांच्यामधले खोलगट ओहोळ भरतात. तुम्ही समुद्राकडे तोंड करून त्याची वाट बघत असता आणि तो पाठीमागून येऊन तुमची वाट घेऊन गेलेला असतो. चार्ल्स किंग्जली यांनी एकोणिसाव्या शतकात याच वाळूवर गुरं बोलवायला गेलेल्या मेरी नावाच्या मुलीला बुडवून एक कविता लिहिली. आजोबांनी ती मला पाठ म्हणून दाखवली. सुरक्षेच्या सूचना यमकात ऐकण्याची माझी ती पहिलीच वेळ.

बेटावर एक जुनी दगडी इमारत आहे, १८४१ सालची. तारायंत्राच्या आधी वेल्समधल्या होलीहेडपासून लिव्हरपूलपर्यंत टेकड्यांवर आणि बेटांवर ठाणी होती. प्रत्येक ठाण्यावर एक खांब आणि त्याला हलणारे हात. अलीकडच्या ठाण्याचे हात कसे हलतात ते दुर्बिणीतून बघायचं आणि आपले तसेच हलवायचे. अशाने ‘तुमचं जहाज येतंय’ ही बातमी काही मिनिटांत व्यापाऱ्याच्या पेढीवर पोचायची. म्हणजे या बेटावर दुर्बिणीला डोळा लावून बसलेली माणसं पहिल्यापासून होती. मधल्या काळात पगार तेवढा बंद झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराचे सर्वोच्च अधिकारी असलेल्या फील्डमार्शल ॲलनब्रूक यांनाही पक्ष्यांचे फोटो काढण्याचा नाद होता आणि तेही कॅमेरा घेऊन इथे आले होते. चर्चिलसाहेबांशी रोज वाद घालणाऱ्या माणसाला, ज्यांच्याशी वाद घालता येत नाही अशा पक्ष्यांची ओढ वाटली, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

बेटाच्या उत्तर टोकाला पडक्या लाइफबोट स्टेशनचे अवशेष आहेत. त्याच्या भिंतीच्या आडोशाला आमच्याआधीच चार-पाच जण येऊन बसले होते. सगळ्यांचे टेलिस्कोप समुद्राकडे, सगळ्यांच्या टोप्या कानांखाली. मी हिने विणलेली माकडटोपी घातली होती आणि तिथे माझ्याकडे कोणी वळूनही बघितलं नाही. माकडटोपीला इतका सन्मान मी महाबळेश्वरलाही बघितलेला नाही.

मग पाणी चढलं, वाट बुडाली, आणि करण्यासारखं काही उरलं नाही. हेच या छंदाचं मूळ. तिथे बसलेला माणूस पुढचे पाच तास मनात आलं तरी घरी जाऊ शकत नाही, म्हणून तो समुद्राकडे बघतो. बघता बघता त्याला काहीतरी दिसायला लागतं.

“डायव्हर!” एक काकू म्हणाल्या. “पाण्यावर. चौथ्या पवनचक्कीच्या जरा डावीकडे.”

समोर क्षितिजावर पवनचक्क्या होत्या. वेल्सच्या किनाऱ्यासमोरच्या ग्विंट इ मोर या एकाच पवनक्षेत्रात त्या १६० आहेत, आणि इथून अशी दोन-तीन पवनक्षेत्रं दिसतात. सगळ्या एकाच रंगाच्या, एकाच उंचीच्या, आणि हात हलवून ‘मी नाही, ती पलीकडची’ असं सांगत असलेल्या. चौथी म्हणजे कुठून चौथी, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण बाकीचे सगळे टेलिस्कोप सर्रकन त्या चौथीच्या डावीकडे वळले होते आणि मंडळी “हां... हां... गेला खाली... आला वर,” असं पुटपुटत होती.

आजोबांनी मला त्यांच्या टेलिस्कोपशी बसवलं. पंढरपुरात पदस्पर्शाच्या रांगेत बडवे डोकं टेकवून लगेच पुढे ढकलायचे, तेवढाच वेळ मिळाला. फरक इतकाच की विठोबा जागेवर उभा असतो, आणि डायव्हर हा पक्षी नेमका त्या क्षणी बुडी मारतो. तो एकदा पाण्याखाली गेला की मिनिटभरसुद्धा येत नाही, आणि येतो तेव्हा दुसऱ्या पवनचक्कीखाली.

“दिसला?”

“नाही,” मी म्हणालो.

“छान,” आजोबा म्हणाले. “आधीच दिसला असता तर मला शंका आली असती.”

हिवाळ्यातले समुद्रपक्षी ओळखणं अवघड का, हे मला त्या आडोशाला बसून कळलं. पक्षी विणीच्या हंगामात नटतात आणि पुस्तकात त्यांचं ते चित्र मोठं छापतात. हिवाळ्यात ते ओळखपत्र घरी ठेवून येतात. उन्हाळ्यात ज्याच्या गळ्यावर विटकरी लाल डाग असतो तो रेड-थ्रोटेड डायव्हर डिसेंबरात वरून राखाडी, खालून पांढरा. त्याच्या शेजारी पोहणारा ग्रीबही वरून राखाडी, खालून पांढरा. दुरून गिलेमॉट तसाच, रेझरबिल तसाच. समुद्र राखाडी, आभाळ राखाडी, लाटांचा फेस पांढरा. कॉमन स्कोटर नावाचं बदक तेवढं प्रामाणिक. नर संपूर्ण काळा. पण ते एकेकटं येत नाही, पाण्यालगत काळी रेघ ओढल्यासारखी रांग जाते आणि रेघ कोणी ओळखायची? लिव्हरपूलच्या उपसागरात हे स्कोटर हिवाळ्यात हजारोंनी असतात, समुद्राच्या तळाचे शिंपले बुड्या मारून गट्ट करतात. त्यांच्यासाठी आणि त्या लाल गळा नसलेल्या लाल गळ्याच्या डायव्हरसाठी २०१० साली या उपसागराला संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केलं गेलं. किनाऱ्यावरून जवळपास कोणालाच धड न दिसणाऱ्या पक्ष्यांसाठी सरकार कागद हलवतं, याचा माझ्यातल्या सरकारी नोकराला फार आदर वाटला.

पण मला खरा धक्का बसला तो वहीने. या बेटावर पक्षिनिरीक्षण केंद्र १९५७ पासून आहे आणि रोज काय दिसलं ते लिहून ठेवण्याची पद्धत आहे. आमच्यातल्या काकूंच्या मांडीवरही एक वही होती. मी जन्मभर लेखा विभागात काढलेला, वही दिसली की आकडे तपासायला मान आपोआप लांब होते. एका ओळीत लिहिलं होतं: डायव्हर, जात अनिश्चित, ४.

मी पुन्हा वाचलं. जात अनिश्चित. खाली सही. कोणी लाजलेलं नाही, कोणी खाडाखोड केलेली नाही.

आमच्या कचेरीत हे घडूच शकलं नसतं. माहीत नाही ही गोष्ट ‘माहीत नाही’ अशा शब्दांत आम्ही कधीही कागदावर येऊ दिली नाही. ‘सदर बाब तपासाधीन आहे,’ असं लिहायचं, किंवा ‘संबंधितांकडून अहवाल मागविण्यात आला आहे.’ अगदीच गळ्याशी आलं तर गेल्या वर्षीच्या आकड्यात दहा टक्के मिळवायचे. या चार डायव्हरांना आमच्या साहेबांनी दोन रेड-थ्रोटेड, एक ब्लॅक-थ्रोटेड आणि एक प्रतिनियुक्तीवर असं व्यवस्थित विभागून दिलं असतं. इथे मात्र आयुष्यभर पक्षी बघितलेली बाई चार ठिपके बघते, पुरेसे दिसले नाहीत म्हणते, आणि तसंच लिहिते. त्या ओळीमुळे बाकीच्या वहीवर माझा एकदम विश्वास बसला. असा विश्वास मी स्वतः सही केलेल्या कागदांवरही कधी ठेवलेला नाही.

सगळेच पक्षी दूर असतात असं नाही. आमच्या पायाखालच्या खडकांवर, लाटेचे तुषार अंगावर घेत, पर्पल सँडपायपर बसलेले होते. मोजकेच, गुबगुबीत, काळसर. इंग्लंडच्या या बाजूला ते हमखास भेटण्याच्या जागा फार थोड्या, त्यातली ही एक. उत्तर ध्रुवाकडून हा पक्षी थंडी चुकवायला म्हणून इथे येतो. म्हणजे ज्या वाऱ्यात माझ्या दाढांमध्ये कळा येत होत्या, तो वारा त्याच्या दृष्टीने हवापालट होता. शेजारीच टर्नस्टोन होते. हे आपल्या कोकण किनाऱ्यावरही हिवाळ्यात येतात, चोचीने दगड उलटवून खालचं खातात. त्यांनी साबण खाल्ल्याचीसुद्धा नोंद आहे. माझ्या खिशात डिंकाचा लाडू होता. मी नुसता खिशात हात घातला तर आजोबांनी मान हलवली, “इथे त्यांना काही घालायचं नाही.” मग तो लाडू सगळ्यांनी वाटून खाल्ला. बाळंतिणीसाठी केलेला आहे हे मी खाऊन झाल्यावर सांगितलं. काकू म्हणाल्या, “तरीच ऊब आली.”

खडकांच्या उतारावर ब्रेंट जातीचे हंस शेवाळ खरवडत होते. काळी मान, फिकं पोट. हे कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या बेटांवर पिल्लं काढतात, ग्रीनलंडचं बर्फ ओलांडतात, आइसलँडला थांबतात आणि आयर्लंडला उतरतात. बहुतेक सगळे आयर्लंडातच हिवाळा काढतात, काही शे जण तेवढे डीच्या मुखापर्यंत येतात. पिल्लं पहिला हिवाळाभर आई-बापांबरोबर राहतात. त्यांच्या पंखांवर बारीक पांढरे पट्टे असतात, तशी पिल्लं मोजली की यंदा किती संसार फळले ते समजतं. त्यांच्यात आई-बाप पिल्लांना वाट दाखवत आणतात. आमच्यात पिल्लं आधी येऊन बसतात आणि मग आई-बापांना व्हिसाचे कागद पाठवतात. एकदा पोचल्यावर दोघांचंही काम मात्र सारखंच, नव्या पिल्लाभोवती उभं राहून चौफेर बघत राहायचं.

भरती टिपेला पोचली आणि सगळे किनारपक्षी जागच्या जागी झोपले. ऑयस्टरकॅचर एका पायावर, चोच पाठीत. नॉट नावाचे लहान पक्षी मिडल आयच्या खडकांवर एकमेकांना खेटून इतके की खडकालाच लोकर फुटल्यासारखी दिसत होती. यांचं सगळं जगणं ओहोटीला बांधलेलं. वाळू उघडी असेल तेवढ्या वेळात पोट भरायचं, दिवस असो की रात्र, आणि पाणी चढलं की गप्प पडायचं. हिवाळ्यात कमावलेला एक-एक उष्मांक जपायचा असतो. झोपेतून चार वेळा उठून उडावं लागलं तर कमाई त्यातच संपते. वेस्ट कर्बीच्या किनाऱ्यावर कुत्री फिरवायला आणणारे लोक आणि ही झोप यांचं फार वाकडं होतं. म्हणून ऐंशीच्या दशकापासून तिथे स्वयंसेवक उभे राहतात. भरतीच्या वेळी, बोचऱ्या वाऱ्यात, बिनपगारी. काम एकच: कुत्रेवाल्यांना नम्रपणे सांगणं की जरा त्या बाजूने जा, पक्ष्यांची वामकुक्षी चालली आहे. दुपारच्या झोपेच्या हक्काबद्दल आपल्याकडे इतकं बोललं जातं, पण दुसऱ्याच्या झोपेसाठी थंडीत उभं राहणारा अजून कोणी भेटलेला नाही.

पाण्यात मात्र जाग होती. आमच्यापासून फार तर दगडफेकीच्या अंतरावर एक काळं, ओलं डोकं वर आलं. मग दुसरं. ग्रे सील. उन्हाळ्यात पलीकडच्या वेस्ट हॉइल बँक या वाळूच्या पट्ट्यावर हे शेकड्यांनी लोळत असतात. हिवाळ्यात संख्या उतरते. नर तीनशे किलोपर्यंत भरतो आणि नाक असं की पेशव्यांच्या दरबारात खपून जावं. तो पाण्यात उभा राहिल्यासारखा थांबला आणि आमच्या रांगेवरून त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. माझ्यापाशी जरा अडखळला. मग खाली गेला, दहा पावलं पुढे वर आला आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागला. बहुधा पहिल्या खेपेला एकाची जात अनिश्चित राहिली असावी.

चहाच्या तीन थर्मासांनंतर पोटातही भरती येते, आणि साठी उलटलेल्या माणसाला ओहोटीची वाट बघता येत नाही. बेटावर एक कंपोस्ट संडास आहे. त्याविषयी एवढंच सांगतो की माणसांच्या सोयीची त्या बेटावर ही एकच गोष्ट आहे, आणि मी तिचा ऋणी आहे.

मी परत आलो तेव्हा मंडळी हवामानावर बोलत होती. इंग्रज माणूस हवामानावर बोलतो यात नवीन काही नाही, पण हे लोक चांगल्या हवेबद्दल तक्रार करत होते. “फार शांत आहे.” “वायव्येकडून वादळ हवं होतं.” “परवा तर चक्क ऊन होतं!” त्यांच्या मते उत्तम दिवस म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात सलग दोन-तीन दिवस वायव्येचा झंझावात. तेव्हा लीचेस पेट्रेल दिसतात. भर अटलांटिकमध्ये आयुष्य काढणारा, सेंट किल्डासारख्या दूरच्या बेटांवर बिळात घर करणारा आणि तिथेही फक्त रात्रीच जमिनीवर येणारा हा पक्षी. वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. वादळ त्याला आयरिश समुद्रात ढकलतं आणि तो लाटांच्या घळीतून फडफडत या बेटासमोरून वाट शोधत जातो. गावातली छपरं उडत असतात तेव्हा ही मंडळी आडोशाला बसून ‘आला, आला’ म्हणत टाळ्या वाजवत असतात. पन्नास ग्रॅमच्या जिवाची परवड बघून टाळ्या वाजवणं मला पटलं नाही आणि मी तसं म्हटलंही. काकूंनी शांतपणे सांगितलं की म्हणूनच त्या वाजवतात, तो पार झाला की.

यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी आजोबांचं पुस्तक चाळायला घेतलं. कुरवांच्या पानांवर थांबलो. एक चित्र ओळखीचं निघालं. धिप्पाड अंग, काळंभोर डोकं, पिवळी चोच, टोकाशी काळा पट्टा आणि लाल रंग.

“हा आमच्याकडे असतो,” मी म्हणालो.

आजोबांनी चष्मा पुसला. “पॅलसेस गल?”

“नाव माहीत नाही. हिचं माहेर हर्णैजवळ. तिथे मासळीच्या लिलावाला येतो.”

आडोशाला बसलेले सगळे टेलिस्कोपपासून दूर झाले. दिवसभरात हे पहिल्यांदाच घडत होतं. आजोबा म्हणाले, “आमच्याकडे एक आल्याची नोंद आहे. डेव्हनमध्ये, १८५९ साली.” हे ते अशा आवाजात म्हणाले की जणू त्या दिवशी ते थोडक्यात उशिरा पोचले होते.

मग माझी रीतसर तपासणी झाली. महिना कोणता? फेब्रुवारी. डोकं पूर्ण काळं? काहींचं पूर्ण, काहींचं अर्धवट. सोबत दुसरे कुरव? पुष्कळ, मोठे आणि लहान. चोचीचा पट्टा मी स्वतः बघितला होता की आता पुस्तकात बघून सांगतो आहे? मी म्हटलं, आमची मेहुणी सुरमईचा भाव करत होती, मला काही काम नव्हतं, म्हणून मी चोचीच बघत होतो. हे उत्तर फार ग्राह्य मानलं गेलं. माझ्या कागदपत्रांची इतकी कसून छाननी व्हिसाच्या वेळीही झाली नव्हती.

“किती अंतरावरून बघितलात?” एका तरुण मुलाने विचारलं. तोपर्यंत तो काहीच बोलला नव्हता.

“अंतर कसलं? होड्या लागतात, बैलगाड्या पाण्यात जातात, पाट्या उतरतात, आणि हे डोक्यावर. टोपी सांभाळावी लागते.”

“टेलिस्कोप?”

“लागत नाही.”

कोणीच काही बोललं नाही. त्या मुलाच्या चेहऱ्यावर मात्र कोणी त्याला फसवल्याचा भाव होता. “मग त्यात मजा काय?” तो म्हणाला, आणि पुन्हा चौथ्या पवनचक्कीकडे वळला.

संध्याकाळी पाणी उतरलं. मिडल आयच्या बाजूने परत निघालो तेव्हा आजोबा बराच वेळ गप्प होते. लिटल आयपाशी त्यांनी खिशातून छोटी डायरी आणि पेन्सिल काढली, बोटांवर फुंकर घातली आणि मला विचारलं, “हर्णैचं भरती-ओहोटीचं कोष्टक कुठे मिळतं?”